गोठ्याचं घर, पायरी पायरीने

घरामागे जांभ्याचा जुना गोठा उभा आहे. गुरं केव्हाच विकली. आत मोडका नांगर, रिकामी पिंपं आणि लाकूडफाटा. भिंती जाडजूड आहेत, वर कौलं आहेत, पुढे खळं आणि मागे चार माड. कोकणातल्या अशा गोठ्यात चौघांचं कुटुंब मजेत राहतं आणि भोवती बागही छान होते. चला, बाह्या सरसावा.

एकच अट पाळायची, ती म्हणजे क्रम. आधी पाणी, मग क्षार, मग छप्पर, मग भिंती, मग जमीन आणि रंग सगळ्यात शेवटी. लादी आधी बसवली आणि भिंत नंतर वाळवायला घेतली, की गोठा हातचा गेला म्हणून समजा. वेळही हाताशी ठेवा. या पावसाळ्यात पाहणी, दिवाळीनंतर काम, पुढच्या पावसाळ्यात पारख आणि दुसऱ्या दिवाळीनंतर राहायला.

पावसात: कागद आणि छत्री

१. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा काढून समोर ठेवा. गोठ्याची नोंद कुणाच्या नावे आहे आणि काय म्हणून आहे, ते वाचा. नावं एकाहून जास्त असतील तर प्रत्येक हिस्सेदाराची संमती लेखी घ्या. *सावधान:* "तू कर रे, आमचं काही नाही" ही तोंडी संमती छप्पर चढेपर्यंतच टिकते.

२. गोठ्याचं राहतं घर करायला कुणाकुणाची परवानगी लागेल, हे ग्रामपंचायतीत अर्ज देऊन विचारा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचाही प्रश्न त्याच अर्जात घाला. जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधकामासाठी परवानगी घ्यावी लागते. *सावधान:* उत्तर हातात येईपर्यंत एक चिराही हलवू नका.

३. पाऊस धो धो पडत असताना छत्री घेऊन गोठ्याभोवती फिरा. पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठे तुंबतं आणि कुठून भिंतीकडे वळतं, ते कागदावर बाणांनी काढा. हे काम उन्हाळ्यात करता येत नाही, म्हणून आळस नको.

४. आत जा आणि भिंतीवर ओल जिथवर चढली आहे तिथे कोळशाने रेघ मारून तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ मारा. *सावधान:* ओल दिसली म्हणून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावू नका. तो भिंतीचं तोंड बंद करून जाईल आणि आतलं पाणी आणखी वर चढेल.

५. प्रत्येक कोपऱ्यात आणि प्रत्येक भिंतीच्या मध्यावर ओळंबा सोडा. भिंत बाहेर झुकलेली असेल किंवा तडा वरून खाली रुंद होत आला असेल, तर पुढची पायरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच. बारीक तड्यांवर पेन्सिलने आडवी खूण आणि तारीख करून ठेवा. पाऊस संपल्यावर तडा वाढला का ते लगेच कळेल.

६. भाल, वासे, खांब, चौकटी यांत पेचकस टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर लाकूड गेलं. *सावधान:* मधे ठणठणीत वाटणारा वासा भिंतीत शिरतो तिथेच वाळवीने पोखरलेला असतो. टोकं तपासल्याशिवाय "लाकूड चांगलंय" असं म्हणू नका.

७. आता नकाशा काढा. याला हव्या तेवढ्या संध्याकाळी द्या, कारण पुढे बदलणं महाग पडतं. कोकणातला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, तेव्हा दक्षिण आणि पश्चिम भिंतींना मोठ्या खिडक्या नकोत. उजेड आणि वारा पूर्वेकडून, उत्तरेकडून घ्या. मूळ गोठ्याच्या चौकोनात बैठकीची आणि झोपायची जागा बसवा. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांना बाजूला नवी पडवी काढा, म्हणजे पाण्याचे पाइप जुन्या भिंतीत शिरणार नाहीत. गव्हाण मोडू नका. वर फळी टाकली की बसायला लांबलचक बाक होतो आणि आत अंथरुणं मावतात. पेंढ्याच्या माळ्यावर मुलांची खोली करायचा मोह होईल. उभं राहून कौलाला डोकं लागत नसेल आणि हवेला दोन बाजूंनी वाट असेल तरच करा, नाहीतर एप्रिलमध्ये वर कुणी झोपणार नाही.

दिवाळीनंतर: चुना, पाणी, माती

८. सर्वांत आधी चुना भिजत घाला. दचकू नका, तो लागणार महिन्या-दीड महिन्याने. पण मुरायलाही तेवढेच दिवस लागतात. खड्ड्यात किंवा लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळीचा चुना थोडा थोडा सोडा. तो उकळेल, फसफसेल, वाफा येतील. लांब काठीने ढवळत राहा. *सावधान:* चुन्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना टाकायचा. प्लास्टिकची बादली वितळते. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे आणि मुलं, कोंबड्या, कुत्रा लांब. डोळ्यात उडालाच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि थेट डॉक्टर गाठा.

९. थंड झालेला चुना जाळीतून गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाकून टाका. पाणी आटू द्यायचं नाही. सांध्यांच्या दर्जा भरायला निदान पंधरा दिवस, गिलाव्याला महिनाभर मुरू द्या. जास्त मुरला तर उत्तमच.

१०. गोठा रिकामा करा. जुने खुंट, चौकटी, कड्या, साबूत कौलं आणि सुटे चिरे वेगवेगळे रचून ठेवा. सगळं लागणार आहे. *सावधान:* चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं. आधी काठीने हलवा, मग जाड मोज्यांनी उचला. पायात चप्पल नको, बूट हवेत.

११. भिंतीलगतचा उकिरडा बागेच्या दूरच्या टोकाला हलवा.

१२. बाहेरच्या बाजूने भिंतीलगत साचलेली माती उतरवा. वर्षानुवर्षं शेण, पालापाचोळा आणि वाहून आलेली माती साचून बाहेरची जमीन जोत्याच्या वर चढलेली असते, आणि निम्मी ओल तिथूनच आत येते. जोतं पुन्हा दिसेल इतकं खाली या. *सावधान:* जोत्याच्या खालचा थर दिसू लागला की थांबा. जुने पाये उथळ असतात. एक फूट जादा खणलंत तर भिंत पायाशिवाय उभी राहील.

१३. पागोळ्या पडतात त्या रेषेत जांभ्याची पन्हळ बांधा आणि उतार घरापासून दूर काढा. पायरी ३ मधले बाण आता उपयोगी पडतील. पाणी शेजाऱ्याच्या आगरात सोडू नका. शेजारी गप्प बसेल, पण पावसाळ्यापुरताच.

१४. आत एका कोपऱ्यात दोन फूट लांबीरुंदीचा खड्डा घेऊन पाया कुठवर आहे ते पाहा. हा खड्डा घेतल्याशिवाय आतली जमीन खणायला सुरुवात करायची नाही.

१५. आतली शेणामुताने भिजलेली माती काढा. ती काळपट असते आणि तिला उग्र वास येतो. रंग आणि वास बदलला की थांबायचं. गव्हाणीच्या पुढे आणि मोरीच्या बाजूला ती बरीच खोल जाते. *सावधान:* सगळी जमीन एकदम उघडी करू नका. दोन-दोन हातांच्या पट्ट्यांत खणा आणि भिंतीजवळ पायाच्या तळाच्या वरच राहा.

१६. रिकाम्या जागेत जांभ्याचे तुकडे हाताने रचून सहा इंचांचा थर ठोकून बसवा. वर बारीक खडी पसरा. जमिनीचं काम इथेच थांबवा. लादीवाल्याचा फोन आला तर "पुढच्या दिवाळीनंतर" म्हणून सांगा.

१७. काढलेली माती उकिरड्याशेजारी पालापाचोळ्याबरोबर थरांनी रचा आणि वर झाप टाका. वर्षभराने बागेला मिळेल. *सावधान:* ताजी माती थेट झाडांच्या मुळाशी ओतू नका, रोपं करपतात.

क्षार: इथे घाई नको

गोठ्याची भिंत आणि घराची भिंत यांत मोठा फरक हा. गुरांचं मूत वर्षानुवर्षं जांभ्यात मुरलेलं असतं. भिंत वाळू लागली की त्यातले क्षार पांढऱ्या पिठासारखे बाहेर येतात आणि गिलावा पापड होऊन सुटतो. याला लोणा लागला म्हणतात. त्याच्यावर रंग लावून चालत नाही. तो बाहेर काढावा लागतो.

१८. भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला असेल तर तो छिन्नीने काढा. छिन्नी तिरपी धरा आणि हलके ठोका. *सावधान:* ड्रिलचं यंत्र लावलंत तर सिमेंटबरोबर जांभ्याचं तोंडही उडेल आणि मऊ दगड उघडा पडेल.

१९. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली अंथरलेल्या कागदावर गोळा करून लांब टाका. *सावधान:* पाण्याने धुवायचं नाही. पाणी मारलंत की क्षार पुन्हा आत.

२०. शाडूची माती, बारीक वाळू आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा एकत्र मळा. लोण्याहून थोडं घट्ट झालं पाहिजे. पाणी गोड्या विहिरीचंच घ्या. खाडीकाठच्या मचूळ पाण्याने काढायचा क्षार तुम्हीच घालाल.

२१. भिंत फवाऱ्याने दमट करा आणि हा लेप बोटभर जाडीचा, जमिनीपासून ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत थापा. मग हात लावू नका. लेप वाळतो, भेगाळतो आणि वाळताना भिंतीतला क्षार ओढून घेतो.

२२. पूर्ण वाळलेला लेप सोलून काढा आणि अंगणाबाहेर फेका. बागेत तर मुळीच नको.

२३. लेप पुन्हा लावा. साधारण तीन वेळा केल्यावर पांढरं फुटणं स्पष्ट कमी झालेलं दिसेल. गव्हाणीमागची भिंत बहुधा चौथ्यांदाही मागते, द्या तिला.

२४. दारं-खिडक्या उघड्या ठेवून भिंतीला वारा खाऊ द्या. तुम्ही वर चढा.

छप्पर: महाराष्ट्र दिनाच्या आत

मृगाच्या भरवशावर राहू नका. तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं ते २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर, आणि निसर्ग २०२० साली ३ जूनला रायगडात धडकलं. कौलं १ मेच्या आत पक्की झाली पाहिजेत.

२५. भालीला आणि प्रत्येक मुख्य वाशाला खालून टेकू द्या. टेकू आधी, कौलं नंतर.

२६. कौलं दोन्ही पाख्यांवरून सारखीच उतरवत या, वरून खाली. *सावधान:* एक पाखं रिकामं आणि दुसरं भरलेलं ठेवलंत तर वजन एका बाजूला येऊन भिंत ढकलली जाते.

२७. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर बागेच्या वाफ्याच्या कडेला लावा. कमी पडली तर मोजून मागवा. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात. नमुना सोबत न्या, कारखान्यागणिक खाच बदलते.

२८. भिंतीचा वरचा थर उचकटून नव्याने बसवा. पावसाने माती धुऊन नेलेली असते, चिरे नुसते ठेवल्यासारखे असतात. इथे पहिल्यांदा चुना वापरा: मुरलेला चुना एक भाग, नदीची चाळलेली वाळू तीन भाग. *सावधान:* खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. तीत मीठ असतं.

२९. कुजलेल्या वाशांचा फक्त बिघडलेला भाग कापून नवं लाकूड सांधा. साग परवडला तर साग, नाहीतर ऐन किंवा किंजळ. आख्खा वासा बदलायची गरज सुताराला वाटते तितक्यांदा नसते.

३०. भिंतीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल दोनदा लावा. *सावधान:* ते कातडी भाजतं. कोपरापर्यंत मोजे घाला; घाम आला तरी तो हात तोंडाला लावायचा नाही.

३१. तुमच्याच कौलांच्या जोडीने अंतर मोजून रिपा ठोका. साधारण एक फूट एक इंच येईल, पण टेप नव्हे, कौल खरं.

३२. वळचणीपासून वर कौलं चढवा. दर खोलीमागे दोन-तीन काचेची कौलं उत्तर पाख्यावर बसवा. दिवसा दिवा लावावा लागणार नाही. *सावधान:* दक्षिण पाख्यावर लावलीत तर दुपारी खाली बसवणार नाही.

३३. वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तारेने रिपांना बांधा. वादळ तिथूनच हात घालतं.

३४. कोने चुन्यात बसवा आणि आठवडाभर ओल्या पोत्यांनी झाका. टेकू त्यानंतर, एकेक करून काढा.

भिंती

३५. नवी खिडकी पाडायची असेल तर आताच पाडा, आणि एका वेळी एकच. आधी वर लाकडाची तुळई बसवा, मगच खालचे चिरे काढा. कोपऱ्यापासून निदान तीन फूट लांब राहा. दोन खिडक्या एकाच भिंतीत शेजारी शेजारी हव्यात? एकीवर समाधान माना.

३६. विजेच्या वायरिंगसाठी पाइप भिंतीच्या वरूनच, क्लिप मारून न्या. जांभ्यात खाचा मारू नका. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

३७. सांध्यांतली भुसभुशीत माती इंचभर खोल खरवडून काढा.

३८. सांधे फवाऱ्याने भिजवून चुन्याने दर्जा भरा आणि थापीने दाबून बसवा. *सावधान:* गवंडी हळूच मूठभर सिमेंट टाकेल, "लवकर पकडतं" म्हणून. त्याच्यासोबत उभे राहा, चहा पाजा, पण सिमेंटची गोणी आवारात येऊ देऊ नका. कडक सिमेंटमध्ये ओल अडते आणि मऊ जांभा झिजतो.

३९. आतून चुन्याचा गिलावा दोन पातळ हातांत करा. पहिला हात खरबरीत ठेवा आणि आठवड्याने दुसरा द्या. उन्हाची तिरीप येते तिथे ओली पोती टांगा. चुना सावकाश वाळला तरच धरतो. खालच्या कमरेइतक्या उंचीचा गिलावा वेगळा, आडवी रेघ मारून करा. उरलेला क्षार तिथे येईल आणि काही वर्षांनी तेवढाच पट्टा बदलता येईल.

४०. बाहेरून जांभा उघडाच ठेवा. नैऋत्येच्या भिंतीला मात्र लाकडी चौकटीवर झापांची आडोशाची भिंत टांगायला हुक मारून घ्या.

४१. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा खणा. विहिरीपासून शोषखड्डा निदान १८ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्यातून पाणी झरझर पाझरतं, म्हणून जागा असेल तर अंतर आणखी वाढवा. शेजाऱ्याची विहीरसुद्धा विहीरच असते, तीही मोजा.

मधला पावसाळा: पारख आणि लागवड

४२. पहिल्या मोठ्या सरीत आत उभे राहा आणि गळती जिथे दिसेल त्या वाशावर खडूने खूण करा. गळती बहुधा खुणेच्या वरच्या अंगाला असते.

४३. कोळशाच्या रेघा पुन्हा मारा. ओल गेल्या वर्षीच्या रेघेच्या बरीच खाली असेल तर पाठ थोपटून घ्या. तितकीच असेल तर पन्हळ तुंबली आहे किंवा बाहेरची माती पुन्हा चढली आहे. तेच आधी सुधारा.

४४. मोठी झाडं आत्ताच लावा. कोकम, बकुळ, लिंबू, शेवगा. *सावधान:* नवा माड घरापासून पंचवीस फूट लांब. नारळ पडला की काचेचं कौल आधी फुटतं. जुना माड छपरावर झुकला असेल तर नारळ वेळच्या वेळी उतरवून घ्या.

४५. मागच्या अंगणात मांडव घालून पडवळ, दोडकी आणि काकडी सोडा. घर होईपर्यंत भाजी तरी सुरू होईल. वांदरांचा वाटा गृहीत धरा.

दुसऱ्या दिवाळीनंतर: जमीन, रंग, बाग

४६. खडीच्या थरावर चुना, विटांची सुरखी आणि खडी यांचा चार इंचांचा कोबा घाला आणि धुमसाने रोज ठोका. *सावधान:* खाली प्लास्टिकचा कागद घालू नका. जमिनीतली ओल वाट शोधत भिंतीकडे वळेल आणि तुम्ही पायरी १९ वर परत याल.

४७. कोबा नीट वाळल्यावर वर शहाबादी किंवा भाजक्या मातीची फरशी बसवा, सांधे चुन्याचेच. घराची जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा निदान फूटभर उंच आली पाहिजे. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल हवीच असेल तर नव्या पडवीत लावा.

४८. नळ, ओटा, संडासाचं भांडं हे सगळं पडवीत बसवा आणि प्रत्येक सांधा दोन दिवस पाणी सोडून तपासा.

४९. गाळलेल्या चुन्यात पाणी घालून दुधाइतका पातळ करा आणि भिंत दमट करून चार पातळ हात द्या. पहिला हात पारदर्शक दिसतो, घाबरू नका. कुणी त्यात मीठ घालायला सांगेल. या भिंतींनी मीठ पुरेसं पाहिलं आहे.

५०. भिंतीलगत तीन फुटांचा पट्टा जांभ्याने फरसून घ्या, उतार बाहेर. इथे वाफा करायचा नाही, कुंडी ठेवली तरी पुरे. बागेच्या हौसेत सगळ्यांत जास्त भिंती याच तीन फुटांत भिजतात.

५१. न्हाणीघराच्या पाण्याचा पाट केळी, अळू आणि सोनटक्क्याकडे वळवा. संडासाचं पाणी या पाटात येता कामा नये.

५२. पायरी १७ ची मुरलेली माती चाळून वाफ्यांत घाला. पुढे अबोली, जास्वंद, मोगरा. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता, गवती चहा, हळद, मिरची. माडांवर मिरवेल सोडा. *सावधान:* उरलेला चुना आणि गिलाव्याचा चुरा वाफ्यात टाकू नका. लिंबाची पानं पिवळी पडू लागली तर आधी तिथेच संशय घ्या.

५३. छपराच्या वळचणीला पन्हाळ लावून पाणी टाकीत किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडा. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर ३ लाख लिटर पाणी येतं. पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या. त्यात वर्षाची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

५४. सुट्या चिऱ्यांचा गडगा रचा, चुना न लावता. मधे फटी राहिल्या तरच पाणी वाहून जातं. फाटक इतकं रुंद ठेवा की खताची गाडी आत येईल.

५५. आता सामान आणा. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, मागे हवा खेळली पाहिजे.

५६. दरवर्षी मे महिन्यात तीन कामं करा: पन्हळीतली माती उपसा, सरकलेली कौलं जागेवर बसवा आणि भिंतीच्या फटींत उगवलेली वड, पिंपळ, उंबराची रोपं बोटभर असतानाच मुळासकट उपटा. नुसती छाटलीत तर मूळ आत जाडच होत राहतं, आणि मग ते काढायला चिरेच उचकटावे लागतात.